जोडपान दिसलं की आपटाच?

कुंडीत किंवा कुंपणाशी आपोआप उगवलेल्या रोपाला मधोमध चीर असलेलं जोडपान दिसलं की लोक लगेच ‘आपटा आला’ म्हणतात. हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याही खपतात, त्यामुळे तो आणखी घट्ट झालाय.

असं पान आपट्याच्या बहुतेक भावंडांना असतं, कांचनालाही. शहरात तर कांचनच असण्याची शक्यता जास्त. तो रस्तोरस्ती लावलेला आहे आणि त्याच्या वाळलेल्या शेंगा तडकून बिया दूर उडतात. आपट्याची शेंग अशी फुटत नाही.

आकारावर विसंबू नका, कोवळं पान कोणाचंही लहानच. शिवाय पिवळ्या कांचनाचं पान मोठेपणीही छोटंच राहतं. रोप उगवताना सर्वांत आधी दिसणाऱ्या, बियांच्या दोन जाड दलांवरून तर काहीच ठरवू नका. रोप थोडं वाढू द्या. आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंद, जाडसर, मागून राखाडी आणि लवदार असतं. गुलाबी-जांभळ्या कांचनाचं पातळ आणि पुढे तळहाताएवढं होतं. तरीही शंका उरलीच तर फुलाची वाट पाहा: आपट्याची फुलं बारीक, फिकट पिवळसर असतात.