पोएल

पोएल : यहुदी विधिशास्त्रात (हलाखा) वेळेच्या हिशेबाने मजुरीवर राबणाऱ्या माणसाची संज्ञा. दिवसाची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी हातात पडली पाहिजे, हा त्याच्याविषयीचा नियम (लेवीय १९:१३, अनुवाद २४:१५) सर्वपरिचित आहे. येथे मुख्यतः त्याचा काम सोडण्याचा हक्क, त्या हक्काला असलेला अपवाद आणि युद्धकाळातील कामगार संघटनांच्या संदर्भात त्या दोहोंना येणारे महत्त्व यांचा विचार केला आहे.

बॅबिलोनी तालमूद या यहुदी विधिचर्चेच्या ग्रंथातील ‘बाबा मेत्सिया’ या प्रकरणात (१०अ) राव या आचार्याचे (मृत्यू सु. २४७) मत नोंदले आहे : पोएल अर्ध्या दिवशीही काम सोडून जाऊ शकतो. त्याला आधार दिला आहे तो लेवीय २५:५५ मधील वचनाचा. इस्राएलवंशज देवाचे सेवक आहेत. म्हणजे ते सेवकांचे सेवक नव्हेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा आधार खुद्द रावने दिला की नंतरच्या संकलकांनी जोडला, हे मजकुरावरून नक्की ठरत नाही; दुसरी शक्यता अधिक पटण्याजोगी वाटते. त्याच ग्रंथात पुढे (७७अ) काम अर्धवट सोडणाऱ्याने नुकसान सोसावे, हे रब्बी दोसाचे मतही रावने मान्य केल्याचे म्हटले आहे. ही विसंगती तालमूद अशी सोडवतो : दिवसाच्या मजुरीने राबणारा पोएल वेगळा आणि काम अंगावर घेणारा ‘कब्लान’ वेगळा. पहिला मोकळा जाऊ शकतो. दुसरा मध्येच उठला, तर उरलेले काम पुरे करून घेण्याचा वाढीव खर्च त्याच्या हिशेबातून वळता होतो. पोएलचा वेळच विकला जात असल्याने त्याच्या बाबतीत दास्याचा धोका खरा, हा या भेदामागचा विचार असावा. मात्र नगावर शिवणारा कारखान्यातला शिंपी पोएल मानायचा की कब्लान, हा प्रश्न जुन्या चौकटीत सहज सुटत नाही. ज्याच्या कामाची वेळ आणि जागा मालक ठरवतो त्याला पोएल मानणे मूळ हेतूला अधिक धरून होईल. क्राकूवचे मोशे इस्सर्लेस (मृत्यू १५७२) यांनी तर मजुराने तीन वर्षांहून अधिक काळासाठी स्वतःला बांधून घेऊ नये, असेही नोंदवले आहे.

अपवाद ‘दावार हा-आवेद’ म्हणजे हातचे जाणारे, नासणारे काम. मिश्ना या तालमूदच्या मूळ नियमसंग्रहातले (बाबा मेत्सिया ६:१) उदाहरण जवसाचे आहे. जवसाच्या काड्या पाण्यात कुजवून वाख काढतात, आपल्याकडे अंबाडीचा काढतात तसाच. काड्या वेळेवर बाहेर काढल्या तर वाख लांब आणि चिवट निघतो. त्या पाण्यातच राहिल्या तर तोही सडतो आणि हंगाम वाया जातो. अशा वेळी मजूर उठून गेले, तर मालकाने त्यांच्या खर्चाने दुसरे लावावेत किंवा जादा मजुरीचा शब्द देऊन त्यांना थांबवावे आणि नंतर तो जादा पैसा देऊ नये, इतकी मुभा मिश्ना देते. लग्नाच्या किंवा मयताच्या वेळी वाजंत्र्यांची वाद्ये आणण्याचे कामही याच वर्गात धरले आहे. परंतु मर्यादाही स्पष्ट आहेत. दुसरे मजूर ठरल्या दराने मिळत असतील, तर अपवाद लागू होत नाही. मजूर तापाने पडला किंवा त्याच्या घरी मृत्यू झाला, तर त्याला दोष नाही.

सामूहिक बाजू तुलनेने त्रोटक आहे. गावकऱ्यांना मापे, भाव आणि मजुरी ठरवता येते व ठराव मोडणाऱ्यास दंड करता येतो (बाबा बात्रा ८ब). तोसेफ्ता या मिश्नेच्या पूरक संग्रहात लोकर-कामगार, रंगारी आणि भटारी यांनाही आपापसात करार करण्याची मुभा आहे. बाबा बात्राच्या पुढल्याच पानावर (९अ) खाटकांची गोष्ट येते : एकाने दुसऱ्याच्या ठरलेल्या दिवशी जनावर कापले, म्हणून इतरांनी करारानुसार त्या जनावराचे कातडे फाडले. रावा या आचार्याने भरपाई फाडणाऱ्यांवर लादली. कारण गावात मान्यवर विद्वान असेल, तर असा करार त्याच्या संमतीशिवाय पक्का होत नाही, असे स्पष्टीकरण मिळते. बार्सिलोनाचे श्लोमो बेन आद्रेत (सु. १२३५–१३१०) यांनी एका धंद्यातील मंडळींना स्वतंत्र गावासारखाच अधिकार मानला. विसाव्या शतकात रब्बी बेन-त्सियोन उझिएल यांनी या आधारांवरून कामगार संघटनेचा हक्क उचलून धरला. एकटा मजूर पोटासाठी पडेल त्या अटी मान्य करतो, ही त्यांची मुख्य चिंता होती. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी बहुमताचा निर्णय अल्पमतावर बंधनकारक मानला व संप फोडणाऱ्यांना मनाई केली.

युद्धकाळात कसोटी लागते ती अपवादाची. लढाई चालू असताना सारे उत्पादनच ‘नासणारे काम’ ठरते काय? तसे मानले, तर मूळ हक्क उरतच नाही. मिश्नेचा अपवाद ठरावीक पाण्यातल्या ठरावीक काड्यांपुरता आहे; तो अख्ख्या राष्ट्रावर पसरवण्यास ग्रंथांत भक्कम आधार नाही.

व्यवहारात यहुदी कामगार नेत्यांनी धर्मशास्त्रापेक्षा वाटाघाटीचा मार्ग धरला. सिडनी हिलमन (१८८७–१९४६) यांचे शिक्षण लिथुआनियातील कोव्हनो येथील येशिवात (यहुदी धर्मविद्यालयात) झाले होते. पुढे अमेरिकेत ते १९१४ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमाल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स’ या कपडे-कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. लष्करी गणवेश अंधाऱ्या खोल्यांत, तुटपुंज्या मजुरीवर शिवले जात असल्याचे दिसल्यावर ऑगस्ट १९१७ मध्ये अमेरिकेच्या युद्धखात्याने त्या धंद्यातील श्रममानकांसाठी मंडळ नेमले. गणवेश अडू द्यायचे नाहीत, पण शिंप्याच्या घामावर सूटही द्यायची नाही, हा तोडगा मजुरीच्या जुन्या नियमाशी मिळताजुळता आहे. दुसऱ्या महायुद्धात डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकन संघटनांनी संप न करण्याचा शब्द दिला आणि जानेवारी १९४२ मध्ये तंटे सोडवण्यासाठी राष्ट्रीय युद्धश्रम मंडळ आले.

न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘जुइश लेबर कमिटी’ने १९४० मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरच्या मदतीने फ्रान्स आणि लिथुआनियात अडकलेल्या समाजवादी व कामगार नेत्यांसाठी तातडीचे व्हिसा मिळवले. बुंड या यहुदी कामगार पक्षाचे (स्थापना व्हिल्ना, १८९७) नेते श्मुएल झिगिएलबॉइम यांनी जर्मनव्याप्त वॉर्सात लोकांना स्वतःहून घेटोत (यहुद्यांना कोंडण्याच्या वस्तीत) न जाण्याचे आवाहन केले होते. पुढे लंडनमध्ये पोलिश राष्ट्रीय परिषदेवर असताना, यहुद्यांच्या संहाराबाबत जग गप्प राहिल्याच्या निषेधार्थ त्यांनी मे १९४३ मध्ये आपले जीवन संपवले.

पोलंडमधील वुच येथील घेटोत जर्मनांसाठी माल तयार होत असे. जानेवारी १९४१ मध्ये तेथील सुतारांनी संप केला. घेटोच्या यहुदी प्रशासनाचे प्रमुख खाइम रुमकोव्स्की यांनी पोलीस पाठवले आणि सुतारकामाचे कारखाने बंद केले. त्या सुतारांच्या हातचे काम शत्रूचे होते; ते नासले तर नुकसान कोणाचे, याचे उत्तर जवसाच्या उदाहरणात सापडत नाही.