शून्य प्रहर आणि नियम ३७७ : खासदार संसदेत नेमके कुठे बोलले?

डहाणू-तलासरी पट्ट्यातले कितीतरी जण दर हंगामात ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट मालकाची, जाळं मालकाचं, यांची फक्त मेहनत. सर क्रीकचा वाद न मिटल्यामुळे तिथून पुढची सागरी हद्द भारत-पाकिस्तानमध्ये आजही ठरलेली नाही. मग एखाद्या रात्री पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट धरते आणि पालघरचा माणूस कराचीच्या मलीर तुरुंगात जाऊन पडतो. घरचे खासदारांच्या कार्यालयात खेटे घालतात. काही दिवसांनी मोबाइलवर एक व्हिडिओ फिरू लागतो : आपल्या खासदारांनी संसदेत हा विषय मांडला.

मांडला हे खरं. पण प्रश्नोत्तराच्या तासानंतरच्या शून्य प्रहरात मांडला की लेखी निवेदनासाठी असलेल्या लोकसभेच्या नियम ३७७ खाली, हे त्या व्हिडिओवरून कळत नाही, आणि बहुतेक बातम्यांतही ते नसतं. दोन्हीकडे खासदार उभा राहतो, अध्यक्षांना उद्देशून मिनिट-दोन मिनिटं बोलतो, मतदारसंघाचं नाव घेतो आणि खाली बसतो. मंत्री दोन्ही वेळा बहुधा गप्पच असतो. बघणाऱ्याला फरक दिसत नाही, पण तो मोठा आहे.

लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास. तो संपला की बाराच्या सुमाराला सुरू होतो शून्य प्रहर. (राज्यसभेत २०१४ पासून हा क्रम उलटा आहे.) लोकसभेच्या नियमावलीत शून्य प्रहर नावाचं काही नाही. साठच्या दशकात रूढ झालेली ही प्रथा आहे. तातडीचा, कालपरवा घडलेला विषय असेल तर खासदाराने सकाळी सूचना द्यायची आणि नंबर लागला तर बोलायचं. भाषण लिहून द्यावं लागत नाही, त्यामुळे शब्द त्याचे, आवेश त्याचा. बाजूच्या बाकावरचे खासदार हात वर करून ‘मी या विषयाशी स्वतःला जोडतो’ म्हणतात आणि त्यांचीही नावं नोंदली जातात. वेळ संपली की माइक बंद. अध्यक्षांनी मनावर घेतलं तर दीडशेहून जास्त खासदारांना एका दिवशी बोलू दिल्याचंही उदाहरण आहे, जुलै २०१९ मधलं. तसंच सप्टेंबर २०२० च्या करोनाकाळातल्या अधिवेशनात शून्य प्रहर अर्ध्या तासावर आणला गेला होता. प्रथा असल्यामुळे ती ताणताही येते आणि आखडताही येते.

नियम ३७७ ला असा तोरा नाही. खासदाराने जास्तीत जास्त अडीचशे शब्दांचं निवेदन आधी लिहून द्यायचं. विषय एकच हवा, आणि मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतला हवा. सचिवालय मजकूर तपासतं. आठवड्यात एका खासदाराला एकच निवेदन, आणि दिवसाला साधारण वीस जणांचा नंबर लागतो. मंजूर झालेला मजकूरच सभागृहात वाचायचा, पदरचं काही घालायचं नाही. गोंधळ चालू असेल तर वाचणंही होत नाही. पीठासीन अधिकारी सांगतात, निवेदनं पटलावर ठेवावीत, आणि ती ठेवली जातात. त्या दिवशी खासदाराचा व्हिडिओच नसतो, म्हणून मतदारसंघात कुणाला पत्ताही लागत नाही. पण तो कागद त्या त्या मंत्रालयाकडे जातो आणि महिनाभरात मंत्र्याने लेखी उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते.

मला हे लेखी उत्तर फार मोलाचं वाटतं. शून्य प्रहरातले मुद्देही हल्ली मंत्रालयांकडे पाठवले जातात, उत्तरं यावीत असा आग्रहही धरला जातो. तरी बोलण्याच्या ओघात मागणी नेमकी काय होती हेच पुष्कळदा हरवतं. ‘सरकारने तातडीने लक्ष घालावं’ या वाक्याला ‘सरकार लक्ष घालत आहे’ एवढंच उत्तर येणार. ३७७ मध्ये शब्द मोजके असल्यामुळे मागणी टोकदार करावी लागते. ज्याला ती करता येते, त्याला काहीतरी हाती लागतं.

मच्छीमारांचंच घ्या. बोट पकडल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शून्य प्रहराला पर्याय नाही. सगळ्या देशासमोर विषय यायला हवा, परराष्ट्र मंत्रालयाला धक्का बसायला हवा, गुजरातच्या खासदारांनीही सोबत उभं राहायला हवं, कारण बोट त्यांच्याकडची असते. पण सहा महिने, वर्ष उलटतं, माणसाची शिक्षा भोगून होते आणि तरी तो सुटत नाही, तेव्हा तळमळीच्या भाषणाने फारसं हलत नाही. तेव्हा करारावर बोट ठेवावं लागतं.

२१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यात एक करार झाला. त्यानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या याद्या देतात. अटकेपासून तीन महिन्यांच्या आत दूतावासाच्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू द्यायचं असं त्यात लिहिलं आहे. राष्ट्रीयत्वाची खात्री पटली आणि शिक्षा संपली की एका महिन्यात त्याला मायदेशी पाठवायचं, हेही लिहिलं आहे. आता अडीचशे शब्दांत काय मागता येतं ते बघा : पालघर जिल्ह्यातले किती जण या यादीत आहेत, त्यातल्या कितींना दूतावासाचे अधिकारी भेटले, किती जणांच्या राष्ट्रीयत्वाची पडताळणी आपल्याकडून बाकी आहे, आणि शिक्षा संपून महिना उलटलेले किती. तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पडताळणी भारतातच, त्या माणसाच्या गावात व्हायची असते. ती अडली असेल तर इस्लामाबादवर आगपाखड करून काय उपयोग?

निव्वळ आकडेच हवे असतील तर अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या, प्रश्नाचा मार्ग जास्त सरळ. पण परराष्ट्र विषयावर प्रश्न विचारताना मित्रराष्ट्राविषयी असभ्य उल्लेख चालत नाही, हे नियमातच आहे. शब्द जपूनच योजावे लागतात.

स्थानिक आणि परराष्ट्र हे दोन कप्पे वेगळे आहेत, असा समज आपल्याकडे आहे आणि त्याने नुकसान होतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा लासलगावच्या शेतकऱ्याचा प्रश्न थेट परदेशी बाजाराला जाऊन भिडला. तिथे शून्य प्रहरात आवाज चढवणं योग्यच होतं, भाव रोज कोसळत होता. मात्र ३७७ मध्ये हा विषय नेताना नेमकी कसली मागणी करायची, वाणिज्य मंत्रालयाकडे बंदी उठवण्याची की अर्थ मंत्रालयाकडे निर्यातशुल्क कमी करण्याची, हे आधी ठरवावं लागतं. दोन-तीन खात्यांची कामं एका निवेदनात कोंबली की उत्तरात टोलवाटोलवीच हाती येते.

बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७० पर्यंत राजापूरचे खासदार होते. परराष्ट्र धोरणावर ते बोलायला उभे राहिले की सभागृह ऐकायचं, आणि कोकण रेल्वेचा आग्रह धरणारेही तेच होते. मतदारसंघाने त्यांना एवढ्या वेळा निवडून दिलं, तेव्हा जगाबद्दल बोलणारा खासदार गावाला विसरतो असं काही नसतं.

आमदारांकडेही लोक हे विषय घेऊन जातात. विधानसभेत मंत्र्याचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना लागू शकते, कुटुंबाला राज्याकडून मदतही मिळू शकते. परराष्ट्र व्यवहार मात्र घटनेने केंद्राच्या सूचीत ठेवला आहे, म्हणून तुरुंगातल्या माणसाची सुटका मुंबईत किंवा नागपुरात मागून भागत नाही.

तेव्हा खासदार संसदेत बोलल्याची बातमी आली की त्यांच्या कार्यालयात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात : विषय शून्य प्रहरात होता की ३७७ मध्ये, आणि तारीख कोणती. लोकसभेच्या कामकाजाचा वृत्तांत संकेतस्थळावर असतो, तारखेवरून शब्दन् शब्द सापडतो. ३७७ असेल तर महिन्याने पुन्हा जावं आणि मंत्र्यांच्या पत्राची प्रत मागावी. ते पत्र थेट खासदाराच्या नावे येतं आणि त्याची प्रत सचिवालयाला जाते. ज्याच्या घरचा माणूस तुरुंगात आहे त्याला कुणी ते आपणहून पाठवत नाही.