आंबलेल्या पिठात सोडा कशाला?

"रात्रभर पीठ आंबवलंस म्हणतीस, मग वर सोडा कशाला घालतीस?" बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकूंचा सवाल. त्यांच्या लेखी सोडा म्हणजे हॉटेलवाल्यांची लबाडी. पीठ आलं नाही की चिमूटभर टाकायचा आणि इडली फुगवायची. इडलीपुरतं त्यांचं खरं आहे. सावरडोच्या, म्हणजे घरच्या आंबवलेल्या पिठाच्या विरजणावर (स्टार्टरवर) केलेल्या, वॉफलमध्ये (जाळीदार साच्यात भाजलेल्या जाड, कुरकुरीत धिरड्यात) मात्र सोड्याकडे आणखी एक काम असतं, आणि हा लेख खरं तर त्या कामासाठीच लिहायला घेतला.

आधी स्टार्टरचं थोडक्यात. गव्हाचं पीठ पाण्यात कालवून त्यात रोज नवं पीठ घालत राहिलं की आठ-दहा दिवसांत यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू त्यात ठाण मांडतात. दह्याला विरजण, तसं हे पिठाचं. जीवाणूंची संख्या यीस्टच्या साधारण शंभरपट असते, म्हणून आंबटपणा भरपूर. रात्री एक वाटी स्टार्टर, दोन वाट्या मैदा, दोन वाट्या ताक आणि चमचाभर साखर कालवून झाकून ठेवायचं. सकाळी दोन अंडी, पाव वाटी वितळवलेलं लोणी, मीठ आणि अगदी शेवटी एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, खायचा सोडा.

सोडा पडला की पीठ फसफसतं. 84 ग्रॅम सोडा 90 ग्रॅम लॅक्टिक आम्ल संपवतो, हा शाळेतलाच हिशोब. पुरेसं आम्ल असेल तर 5 ग्रॅम सोड्यातून जवळपास दीड लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला बराचसा हवेत उडून जातो, म्हणून साचा आधी तापवायचा आणि मग सोडा घालायचा. इथवर काकूंना पटलं.

आता खरी गंमत. सोडा न घालता वॉफल करून बघा. शिजेल, पण फिकट पडेल, आजारी माणसासारखा. त्याला तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो मायार अभिक्रियेमुळे. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. प्रथिनांमधल्या अमिनो गटातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते. ती साखरेच्या रेणूतल्या कार्बोनिल कार्बनला (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनला) जाऊन भिडते आणि तिथून तपकिरी रंगाची नि शेकडो सुगंधी रेणूंची साखळी सुरू होते. पण आंबट पिठात हायड्रोजन आयन मुबलक असतात. ते त्या मोकळ्या जोडीवर आधीच येऊन बसतात, मग साखरेला जागाच उरत नाही. लायसीन या अमिनो आम्लाच्या बाजूच्या साखळीवरचा गट घ्या. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. 10.5 पीएचला असे निम्मे गट मोकळे असतात. पीएच एकाने उतरला की मोकळ्यांचं प्रमाण साधारण दहापट घटतं. चांगल्या आंबलेल्या स्टार्टरचा पीएच 4 च्या आसपास, म्हणजे तिथे तीसेक लाख गटांमागे एखादाच मोकळा. सोड्याने पीएच 7 वर आणला की तोच तीनेक हजारांमागे एक. मोकळे हात हजारपट झाले! भाजण्याचा वेग काही त्याच पटीत वाढत नाही, पण साच्यातल्या चार-पाच मिनिटांत फरक डोळ्यांना दिसतो.

सोडा जास्त झाला तर? आम्ल संपल्यावर उरलेल्या सोड्याचं तापून सोडियम कार्बोनेट होतं आणि वॉफल साबणासारखा लागतो. बेळगावात हे डिसेंबर-जानेवारीत हमखास होतं. तापमान 10 अंशांनी उतरलं की जीवाणूंचं काम निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, म्हणून सकाळी पीठ पुरेसं आंबट नसतं. तेव्हा सोडा अर्धाच घ्यावा, नाहीतर पीठ रात्री चुलीच्या कडेला, उबेला ठेवावं. याच थंडीत डोशाचं पीठही येत नाही आणि काही घरांत खापर फुटतं ते पाळीतल्या बाईने हात लावला म्हणून. जीवाणूंना तापमान कळतं, विटाळ कळत नाही. संशय असेल त्यांनी पिठाच्या भांड्यात थर्मामीटर बुडवून पाहावा.

भाजताना वाफ ओसरेपर्यंत साचा उघडू नये. झालेले वॉफल एकावर एक रचू नयेत, जाळीवर सुटे ठेवावेत. आतली वाफ अडकली की कुरकुरीत कवच पुन्हा ओलावा ओढून मऊ पडतं.

आणि हो, सावरडो वॉफल 'प्रोबायोटिक', म्हणजे पोटाला उपकारक जिवंत जीवाणूंचा, म्हणून विकणाऱ्यांची मला मौज वाटते. एवढ्या तापलेल्या साच्यातून कुठला जीवाणू जिवंत बाहेर येणार? आंबवल्याने गव्हातलं ग्लुटेन हे चिकट प्रथिन नाहीसं होतं, हा दावा तर धोक्याचा आहे. त्यातलं थोडं मोडतं, पण भरपूर उरतं. सिलिअकच्या, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या, रुग्णांनी या वॉफलच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी निव्वळ तांदूळ-उडदाचे पड्डू (आप्पे) आहेत की.