अन्ननलिकेच्या गाठीत थांबलेली पानगळ

"गाठीला हात लावू देऊ नका, तुकडा काढला की कॅन्सर पसरतोय." रंकाळ्यावर परवा सकाळी परत ऐकलं. कोल्हापुरात ह्या एका वाक्यापायी माणसं अंगारे-धुपारे नि झाडपाल्यात महिने घालवतात, म्हणून लिहायला बसलो. अन्ननलिकेत दुर्बिणीतून चिमट्याने तांदळाच्या दाण्याहून बारका तुकडा घेतात, त्याने काही पसरत नाही, उलट गाठ किती चिवट आहे त्याचा अंदाज त्यातूनच लागू शकतो.

ते कसं, ते सांगतो. एरवी पेशी बिघडली की स्वतःला मोडीत काढते. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी ह्याला अपॉप्टोसिस नाव दिलं, ग्रीक शब्द, अर्थ पानगळ. एरवी बीसीएल-२ हे प्रोटीन बॅक्स ह्या प्रोटीनला धरून ठेवतं. डीएनए फारच मोडला की बॅक्स सुटतं, मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्याच्या, बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतं आणि आतलं सायटोक्रोम-सी हे प्रोटीन बाहेर सांडतं, म्हणजे बघा, जे आत ऊर्जा बनवायला राबत होतं तेच बाहेर आल्यावर मरणाचा निरोप होतं! मग अ‍ॅपाफ-१ ह्या प्रोटीनचे सात रेणू जुळून चक्क चाक तयार होतं, त्यावर कॅस्पेज-९ हे प्रोटीनं कापणारं एन्झाइम जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला चालू करतं, आणि ही कात्री शेकडो प्रोटीनं कापत सुटते. पेशी आक्रसते, तिच्या पुड्या होतात, शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात, सूज नाही की काही नाही.

कॅन्सरची पेशी ही साखळी मधेच तोडते, बीसीएल-२ किंवा सर्व्हायव्हिन हे पेशीचं मरण अडवणारं दुसरं प्रोटीन वाढवून ठेवते. केमो आणि रेडिएशनसुद्धा बऱ्याचदा ह्याच वाटेनं पेशी मारतात, मग वाटच बंद असली तर औषध काय करणार? म्हणून तो तुकडा मेणात बसवून पातळ काप काढतात, हव्या त्या प्रोटीनलाच चिकटणारी अँटिबॉडी घालतात, आणि प्रोटीन असेल तिथं निळ्या पेशींत तपकिरी रंग उमटतो. सर्व्हायव्हिनचा रंग गडद असलेल्या पेशंटचं आयुष्य बऱ्याच अभ्यासांत कमी दिसलंय.

पण "एका प्रोटीनवरून आयुष्य कळणार" असले मेसेज फिरवू नका. सगळ्या अभ्यासांचे निकाल जुळत नाहीत, किती रंगाला 'जास्त' म्हणायचं तेही प्रत्येकाचं वेगळं. गाठ किती खोल गेलीय, लिम्फ नोडमध्ये पोचलीय का, डॉक्टर आजही आधी तेच बघतात.

आणि तिथंच उशीर नडतो. अन्ननलिका ताणली जाते, त्यामुळं गाठ बरीच वाढेपर्यंत कळतच नाही. तंबाखू-मावा खाणारा किंवा रोज दारू घेणारा माणूस भाकरीचा घास पाण्यानं ढकलायला लागला, तर झाडपाला नको, आधी दुर्बीण करून घ्या.