एक निवडुंग कॅक्टस, दुसरा चिकाचा

जुळे सोलापुरातील एका बंगल्याच्या फाटकालगत मुरूम पसरून आणि दगड मांडून केलेल्या बागेत पुरुषभर उंचीची दोन काटेरी झाडे शेजारी शेजारी उभी आहेत. दोन्हींची खोडे हिरवी, मांसल आणि कंगोरेदार असून रोपवाटिकेने दोन्ही ‘कॅक्टस’ म्हणूनच विकली होती. त्यांतील सीरियस नावाचा तेवढा कॅक्टस आहे. दुसरा युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातला. या गोंधळात आपल्या ‘निवडुंग’ या शब्दाचाही वाटा आहे, कारण अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग, जो खरा कॅक्टस, आणि भारतातलाच त्रिधारी निवडुंग, जो युफोर्बिया, या दोघांना आपण एकाच नावाने हाक मारतो.

ओळख पटवायची तर काटा कुठून निघतो ते जवळ जाऊन पाहावे. सीरियसच्या कंगोऱ्यावर ठरावीक अंतराने लव असलेली बारीक गादी दिसते आणि तिच्यातून काट्यांचा झुबका निघतो. अशी गादी कॅक्टस कुळाखेरीज कुठेही आढळत नाही. झाडासारख्या वाढणाऱ्या युफोर्बियांचे काटे बहुधा जोडीने, शिंगांसारखे फाकलेले असतात आणि त्यांच्या बुडाशी लव नसते. फुले आली की शंकाच उरत नाही: सीरियसचे पांढरे फूल पंजाएवढे असते, रात्री उमलते आणि दुसऱ्या दिवशी मिटते, तर युफोर्बियाच्या कंगोऱ्यावर पिवळसर मण्यांएवढी फुले येतात, जी बागमालकाच्या लक्षातही येत नाहीत.

एवढे साम्य असूनही नाते जवळचे नाही. अमेरिकेत कॅक्टसने आणि आफ्रिकेत युफोर्बियाने कोरड्या हवेला तोंड देताना, पाणी साठवणारे खोड आणि बाष्प वाचवण्यासाठी रात्री उघडणारी छिद्रे, हे एकच उत्तर स्वतंत्रपणे शोधले. चित्रपटांत दिसणारा, हात वर केलेला सग्वारो अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटातला असून त्याला पहिली फांदी फुटायला अनेकदा 50 ते 75 वर्षे लागतात. म्हणून तसा देखावा लवकर हवा असणाऱ्याने भराभर फांद्या फोडणारा युफोर्बिया लावणे मला शहाणपणाचे वाटते, फक्त त्याचा चीक लक्षात ठेवून.

त्या बंगल्यातली तारेला टेकलेली फांदी छाटताना दुधासारखा चीक कोयत्यावरून माळीदादांच्या मनगटापर्यंत ओघळला आणि कातडी लाल झाली. हा चीक डोळ्यात गेल्यास इजा गंभीर होऊ शकते, त्यामुळे भरपूर पाण्याने डोळा धुऊन लगेच डॉक्टरकडे जावे. सीरियस छाटल्यावर नुसता पाणीदार रस येतो. लहान मुले खेळतात त्या कोपऱ्यात म्हणूनच, काटे असूनही, मी सीरियसच निवडेन.

सोलापूरच्या काळ्या मातीत मात्र दोघांचीही गत सारखीच: पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, तेव्हा मुरूम व वाळू मिसळलेला उंच वाफा हवाच. फांदीपासून रोप करताना दोन्हींचा काप आठ-पंधरा दिवस सावलीत सुकवावा. युफोर्बियाचा काप त्याआधी चीक थांबेपर्यंत पाण्याने धुवावा.