दाढ काढली, कळ तशीच राहिली

दुखण्यासाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेतून उठणारी कळ, ओळखताना त्यांतला फरक खरोखर कामी येतो. किडलेली दाढ ठणकते. तो ठणका तासन्‌तास राहतो आणि झोप उडवतो. या विकारात मात्र गालात किंवा जबड्यात विजेचा झटका बसावा तशी कळ येते, क्षणभर किंवा फार तर दोन मिनिटे टिकते आणि आली तशी निघून जाते. दात घासताना, दाढी करताना, घास चावताना, इतकेच काय, पंख्याचा वारा गालावर आला तरी ती उठते. त्यामुळे काही रुग्ण तोंड धुवायलाही धजावत नाहीत.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला तीन शाखा असतात: एक कपाळ व डोळ्याकडची, दुसरी गाल व वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या जबड्याची. कळ बहुधा शेवटच्या दोन शाखांत आणि एकाच बाजूला येते, म्हणून रुग्ण आधी दाताच्या डॉक्टरांकडे जातो. मग रूट कॅनल होते, दाढ निघते, कधी शेजारचीही निघते आणि कळ जिथल्या तिथे राहते.

कारण दोष दाढेत नसतोच. नस मेंदूच्या देठाला मिळते तिथे बहुतेक वेळा एखादी धमनी तिला खेटलेली असते. सततच्या ठोक्यांनी नसेवरचे मायलिनचे वेष्टन झिजते आणि उघड्या पडलेल्या तंतूंमध्ये साध्या स्पर्शाचा संदेश वेदनेच्या तंतूंत शिरतो, असे मानले जाते. अर्थात अशी खेटलेली धमनी मुळीच त्रास नसलेल्या माणसांतही आढळते; त्यामुळे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होते. एमआरआय लागतो तो मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतले मायलिन झिजवणारा आजार) किंवा गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी आणि धमनीची जागा कळण्यासाठी. वय कमी असेल, दोन्ही बाजूंना कळ येत असेल किंवा गाल बधिर झाला असेल, तर अशा आजाराची किंवा गाठीची शंका अधिक बळावते.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे निरुपयोगी असतात. अपस्माराचे औषध असलेले कार्बामाझेपिन १९६२ पासून या विकारावर वापरात आहे आणि सुरुवातीला बहुतेकांना त्याने चांगला आराम पडतो. गुंगी, तोल जाणे, रक्तातले सोडियम घटणे हे त्याचे त्रास आहेत. अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण विशिष्ट जनुकरूप असलेल्या आशियाई लोकांत ही प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते.

औषध पुरेनासे झाले की शस्त्रक्रियेचा विचार होतो. अमेरिकेतील पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकापासून रूढ केलेल्या पद्धतीत कानामागच्या हाडाला लहान छिद्र पाडून धमनी नसेपासून अलग करतात आणि मध्ये टेफ्लॉनची गादी ठेवतात. गुण दीर्घकाळ टिकतो, मात्र त्या बाजूचे ऐकू येणे कमी होण्याचा थोडा धोका असतो. ज्यांना मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही, त्यांच्यासाठी गालातून सुई घालून नसेचे तंतू तापवणे किंवा फुग्याने दाबणे हे मार्ग आहेत. त्यांत गाल बधिर होतो आणि काही वर्षांनी कळ परतू शकते. गॅमा नाइफ या यंत्राने नसेवर किरणांचा नेमका मारा करतात; त्यात काहीच कापावे लागत नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात आणि तोवर गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात.