राफाएल भट्टीत घालणारी बाई

तैलचित्र काळवंडते, वार्निश पिवळे पडते, कापड सैल होते. भाजलेल्या चिनी मातीवरचा, म्हणजे पोर्सिलिनवरचा, रंग मात्र तसाच राहतो. पॅरिसजवळच्या सेव्र येथील पोर्सिलिन कारखान्याचे संचालक अलेक्सांद्र ब्रोंन्यार यांनी एवढ्याच गोष्टीवर मोठा घाट घातला: जुन्या उस्तादांची चित्रे पोर्सिलिनच्या फरश्यांवर उतरवून ठेवायची. ब्रोंन्यार मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. १८०० ते १८४७ इतका काळ कारखाना त्यांच्याच हाती होता. त्यांच्या या घाटाला हवा तसा हात मिळाला तो मारी-व्हिक्त्वार जाकोतो (१७७२–१८५५) हिचा.

यामागे मातीचीही गोष्ट आहे. फ्रान्सला खरे पोर्सिलिन उशिरा साधले. १७६८ साली लिमोझजवळ सेंत-इरिए येथे केओलिन ही पांढरी माती सापडली, तेव्हा कुठे कठीण, पांढरी जात बनवता आली. त्याआधीच्या मऊ जातीत रंग झिलईत मुरत असे. ब्रोंन्यार यांनी १८०४ साली ती जात बंदच करून टाकली.

जाकोतो पॅरिसची. हे काम तिने एतिएन-शार्ल ल गे या पोर्सिलिन-चित्रकाराकडून शिकले. पुढे त्याच्याशीच लग्न केले आणि घटस्फोटही घेतला. सरकारी कलाशाळेचे, म्हणजे एकोल दे बोझारचे दार बायकांना उघडले १८९७ साली. पोर्सिलिन रंगवणे मात्र बाईला शोभते असे मानले जाई. शोभण्याचे सोडा, काम भलतेच निष्ठुर. रंग म्हणजे धातूंच्या भस्मांची पूड: निळा कोबाल्टचा, तांबडा लोहाचा, गुलाबी चक्क सोन्याचा. कुंचल्याखाली दिसणारी छटा वेगळी, भट्टीतून निघणारी वेगळी, म्हणजे रंगवणारीने न दिसणारा रंग मनात धरून बसायचे. त्यात एकच चित्र पुनःपुन्हा भाजायचे. शेवटच्या खेपेला तडा गेला की महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया.

इटालियन उस्ताद राफाएलची ‘बेल जार्दिनिएर’, फ्रेंच चित्रकार जेरारची ‘सायकी’ आणि जिरोदेची ‘अताला’ अशी चित्रे तिने फरशीवर उतरवली. अठराव्या लुईच्या राजवटीत तिला ‘राजाची पोर्सिलिन-चित्रकार’ हा मान मिळाला. नकलाकार म्हणून तिला दुय्यम ठरवणे सोपे आहे, पण तेलरंगाची खोली भाजलेल्या मातीत आणायची तर कारागिरीच्या जोडीला चित्रकाराची नजरही लागते.

तिच्या हयातीतच, १८३९ साली, दागेरने छायाचित्रण जाहीर केले. चित्र जतन करण्याचा दुसरा मार्ग निघाला. राफाएलची मूळ ‘बेल जार्दिनिएर’ अजून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.